उसनी हत्यारे

मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याला जग मेकॅनिक म्हणते. स्वतःची मोटारसायकल घराच्या गॅलरीत उघडून बसणाऱ्याला काय म्हणावे, याविषयी मात्र आमच्या घरात अद्याप एकमत नाही. गेल्या वर्षी नवरात्रात, चौथ्या माळेपासून आठव्या माळेपर्यंत, मला जी विशेषणे लाभली ती सर्व व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती, एवढेच मराठी शिकवणारा माणूस या नात्याने नमूद करतो.

गाडी आमच्या वडिलांची. शंभर सीसीची. 1998 साली पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी ती घेतली आणि पुढे आयुष्यभर ती त्यांनी अशी चालवली, की जणू मागच्या सीटवर पतपेढीचे चेअरमनच बसले आहेत. वडील गेले, गाडी राहिली. पंधरा वर्षे उलटल्यापासून दर पाच वर्षांनी मी तिची नोंदणी नव्याने करून आणतो. गेल्या वर्षी आमच्या कन्येला पक्के लायसन मिळाले आणि "दिवाळीनंतर कॉलेजला आजोबांची गाडी मी नेणार," असे तिने जेवणाच्या पानावरून जाहीर केले. तिची आई म्हणाली, "आधी गाडी नीट बघून घ्या." बघायला म्हणून वाकलो, तो पुढच्या डाव्या दांड्यावर तेलाचे चकचकीत कडे!

हे तेल कोठून येते ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचा मजकूर समजायचा नाही. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन दांडे असतात, त्या जोडीला इंग्रजीत फोर्क म्हणजे काटा म्हणतात. गॅरेजमध्ये त्यांना 'शॉकअप' हेच नाव आहे. प्रत्येक दांडा म्हणजे दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आत एक लांब स्प्रिंग आणि थोडे तेल. खड्डा आला की स्प्रिंग दबते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी वरातीतल्या घोड्यासारखी नाचत राहिली असती. तिला आवरते ते तेल. आतल्या बारीक भोकांतून ते तेल दाबाने जावे लागते आणि त्या अडवणुकीत खड्ड्याचा धक्का जिरतो. ज्या गृहिणींनी या आठवड्यात चकलीचा सोऱ्या दाबला असेल त्यांना हे तत्त्व मी शिकवायला नको. पीठ भोकांतून सहजासहजी जात नाही, हे त्यांचे दंड सांगतील. तेलाची ही युक्ती असलेला फोर्क विक्रीच्या मोटारसायकलींवर आणला तो जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने, 1935 साली. आज शंभर सीसीच्या गाडीतही मूळ कल्पना तीच आहे.

दोन नळ्या जेथे एकात एक जातात तेथे तेल बाहेर येऊ नये म्हणून रबराचे एक कडे बसवलेले असते. त्याचे नाव ऑइल सील. त्याची कड झिजली, फाटली किंवा तिच्याखाली कचरा अडकला की तेल झिरपते. दिसायला ही बाब क्षुल्लक. पण तेल कमी झाले की खड्ड्यात चाक उड्या मारू लागते, आणि तेच तेल ओघळत खाली ब्रेकपर्यंत गेले तर गाडी थांबायची तेथे थांबत नाही. मी नेहमीच्या गॅरेजात गेलो. तेथे दसऱ्याच्या तोंडावर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. "दिवाळीनंतर आणा," असे उत्तर मिळाले. मला पौरुषाचा झटका आला. म्हटले, आपण घरीच करू.

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे टूलरूममध्ये होते. टूलरूम म्हणजे जेथे माल होत नाही, माल करण्याची हत्यारे होतात ती जागा. मी त्यांना बेत सांगितला. त्यांनी चष्मा पुसून विचारले, "सर, हत्यारं काय काय आहेत?" मी घरातली पेटी आणून दाखवली. तिच्यात एक हातोडी, एक पक्कड, चार पाने आणि पडद्यांचे खिळे निघाले. काकांनी पेटी हळूच मिटली. म्हणाले, "हरकत नाही. उरलेली घरातच सापडतील."

पहिला प्रयोग कन्येने सुचवला. सीलखाली नुसता कचरा असेल तर तो काढण्यासाठी कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी चालते. ती पातळ आणि चिवट, रबराला इजा न करता कडेखाली सरकते आणि गोल फिरवली की माती ओढून आणते. फिल्म आता कोठे मिळणार? पण आमच्या लग्नाच्या निगेटिव्ह अजून ट्रंकेत होत्या. पत्नीने कडक तपासणी करून पंगतीतली एक पट्टी दिली, जिच्यातले जेवणारे दोघांच्याही ओळखीचे नव्हते. त्या अनोळखी पाहुण्यांनी पुष्कळ माती काढली. दुसऱ्या दिवशी तेलाचे कडे पुन्हा हजर. याचा अर्थ सील फाटले होते. आता दांडा उघडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि इंजिनाखाली दोन पाट एकावर एक सारले, तेव्हा पुढचे चाक जमिनीपासून सुटले. "पाट जेवायला असतात," असा एक आक्षेप वरून आला. पण गेली बारा वर्षे आम्ही टेबलावर जेवतो, हा मुद्दा मी विनयाने मांडला. कन्येने कोठूनसे गाडीच्या दुरुस्तीचे पुस्तक पैदा केले होते. त्याप्रमाणे दांड्याच्या डोक्यावरचा बोल्ट तो दांडा हँडलखाली घट्ट धरलेला असतानाच अर्धा फेरा सैल केला. एकदा दांडा हातात आला की तो बोल्ट ढिला करणे म्हणजे तेल लावलेल्या पैलवानाशी झोंबणे. मग चाक, मडगार्ड उतरवले आणि डावा दांडा गॅलरीत आणला.

त्या बोल्टाखाली स्प्रिंग दबून बसलेली असते. शेवटचे आटे सुटताना हाताखाली जाड फडके धरून वरून दाबावे आणि तोंड बाजूला ठेवावे, असे पुस्तकात लिहिले होते. मी तोंड बाजूला ठेवले. फडके घ्यायला विसरलो. बोल्ट उडाला तो तुळशीच्या कुंडीवर आपटला, आणि त्याच्यामागून खळ् खळ् आवाज करीत चार नाणी गॅलरीभर घरंगळली.

पन्नास पैशांची चार नाणी. तेलाने काळवंडलेली. मी प्रथम समजलो की कोणाच्या तरी ताटातली दक्षिणा सांडली. काकांनी एक नाणे उचलून स्प्रिंगच्या तोंडावर ठेवले. अगदी बेताचे बसले.

"तुमच्या वडिलांनी घातली असणार," ते म्हणाले. "स्प्रिंग थकली, गाडी पुढून बसायला लागली, की वरून थोडी भर घालतात. म्हणजे ती आधीच जरा दाबलेली राहते. दुसरा दांडा उघडा. त्यातही चारच निघतील."

उघडला. चारच निघाली.

मला आठवले. एक काळ असा होता की गाडीवर मागे आई, मध्ये मी, टाकीवर भाजीची पिशवी, आणि प्रत्येक खड्ड्याला पुढून 'ठक्' असा आवाज येई. मग एका रविवारनंतर तो आवाज बंद झाला. वडिलांनी काय केले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. एकूण खर्च चार रुपये, तोही परत मिळण्याजोगा! मी नाणी धुऊन पुसून ओळीने मांडली आणि मनाशी ठरवून टाकले, की ती पुन्हा जागच्या जागी जातील.

परंतु कामाकडे वळू. आतली नळी बाहेर येण्यासाठी दांड्याच्या तळाचा एक बोल्ट काढावा लागतो. तो फिरवला की त्याच्यासकट आतला दांडकाही गरगर फिरतो आणि बोल्ट काही सुटत नाही. स्प्रिंग आत असताना तिच्या दाबाने तो दांडका धरला जातो. म्हणून हा बोल्ट आधीच सैल करायचा असतो. ही माहिती मला स्प्रिंग बाहेर काढल्यावर मिळाली. आत वीतभर नव्हे, चांगल्या दोन वीत खोल असलेल्या त्या दांडक्याला धरायचे कशाने? काकांची नजर गॅलरीच्या कोपऱ्यात गेली. तेथे कपडे वाळत घालायची काठी उभी होती. भरीव वेळूची, सरळ, नेमकी नळीत जाईल एवढी. तिचे टोक आम्ही सुरीने निमुळते केले, नळीत घालून दांडक्याच्या तोंडात ठोकून पाचर बसवली. कन्येने काठी धरली, मी एलन कीला लोखंडी पाइपचा तुकडा जोडून खालून जोर केला. 'कट्' असा आवाज झाला आणि बोल्ट सुटला. त्याच क्षणी आतून, "अहो, माझी काठी कुठाय?" असेही ऐकू आले.

जुने सील उपसताना नळीच्या काठाला ओरखडा पडू नये म्हणून काठावर जुन्या टायरट्यूबची घडी ठेवली आणि तिच्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून सील उचलले. आतली नळी सरळ आहे की वाकली, हे पाहण्यासाठी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर कडाप्प्याच्या फरशीवर लोळवली. वाकलेली नळी लोळताना डुलते आणि खाली उजेडाची फट उघडझाप करते. आमची सरळ निघाली. मग तिच्यावरून नख फिरवले. जेथे गंजाचा खड्डा नखाला लागतो, तेथे तो नव्या सीललाही फाडतो, आणि मग सील बदलूनही दोन महिन्यांत तेलाचे कडे पुन्हा दिसते. सुदैवाने तिचा मुलामा शाबूत होता.

आता नवे सील ठोकून बसवायचे. आत तीस मिलिमीटर, बाहेर साडेचाळीस, असे ते कडे. त्याच्यावर सर्व बाजूंनी सारखा मार बसला पाहिजे. एका बाजूला हातोडी बसली तर ते तिरपे जाते आणि वाया जाते. गॅरेजमध्ये यासाठी खास हत्यार असते. आमच्याकडे होता गच्चीवरच्या टाकीचे काम झाल्यावर उरलेला पीव्हीसी पाइप, बाहेरून चाळीस मिलिमीटर. नळीवरून तो सहज उतरत होता आणि त्याची कड बरोबर सीलच्या बाहेरच्या काठावर येत होती. दोन फुटांचा तुकडा कापला. काप काटकोनात यावा म्हणून काकांनी वर्तमानपत्राची पट्टी पाइपभोवती गुंडाळली, तिच्या कडा जुळवल्या आणि त्या रेषेवर करवत चालवायला लावली. इतके साधे! मी इतकी वर्षे वर्तमानपत्राचा उपयोग वाचण्यासाठी करीत होतो.

आणि येथे माझी परीक्षा झाली. सीलच्या वर एका खाचेत तारेचे एक कडे असते, सील वर सरकू नये म्हणून. उजव्या दांड्याचे ते कडे काढताना चिमट्यातून निसटले आणि गॅलरीच्या जाळीतून खाली गेले. तासभर शोधले. सापडले नाही. नवमी परवावर आलेली. मी जाड तार घेतली, पक्कडीने वाकवली आणि एक कडे तयार केले. दिसायला ते मूळ कड्यापेक्षाही गोल होते. अभिमानाने काकांना दाखवले.

त्यांनी ते हातात घेतले, वाकवले. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. मूळ कडे स्प्रिंगच्या पोलादाचे असते. दाबून सोडले की परत उसळते, म्हणून खाचेत घट्ट बसते.

"सर," काका म्हणाले, "काठी चालेल, पाइप चालेल, निगेटिव्ह चालेल. हे नाही चालणार."

"का? तेही घरगुती, हेही घरगुतीच."

"हत्यार काम झालं की घरी जातं. भाग गाडीबरोबर रस्त्यावर जातो."

मी गप्प झालो. मग धीर करून विचारले, "आणि वडिलांची नाणी?"

काकांनी लगेच उत्तर दिले नाही. कन्येकडून शिंप्याची टेप मागून घेतली आणि स्प्रिंगची लांबी मोजायला लावली. पुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा ती बोटभर आखूड भरली, दोन्ही. मग त्यांनी एक नाणे उन्हात तिरपे धरून दाखवले. त्याच्या कडेला घासल्याची चकाकी होती. ती घासलेली चांदीसारखी पूड इतकी वर्षे तेलात फिरत होती.

"वडिलांना तेव्हा नवी स्प्रिंग परवडत नव्हती, म्हणून त्यांनी नाणी घातली," काका म्हणाले. "परवडली असती तर त्यांनी घातली असती का? तुम्हाला परवडते. पोर चालवणार आहे."

खरे सांगतो, हे वाक्य मला वर्गात सुचले नसते. काटकसर हा वडिलांचा नाइलाज होता. मी तिचा वारसा करू निघालो होतो. मी उठलो आणि नाना पेठ गाठली. दोन स्प्रिंगा, दोन कडी, तळाच्या बोल्टाची दोन तांब्याची वायसरे आणि नेमून दिलेले फोर्कचे तेल घेतले. दुकानदाराने विचारले, "गॅरेज कुठलं?" मी म्हटले, "गॅलरी." त्याला ते नाव असावेसे वाटले.

पुढचे काम उसन्या हत्यारांनीच पार पडले. नळीच्या तोंडाची धार नव्या सीलच्या नाजूक कडेला लागू नये म्हणून तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली, तिला तेल चोपडले आणि अक्षरे छापलेली बाजू वर ठेवून सील खाली सरकवले. त्याच्यावर जुने सील, त्याच्यावर पाइप, पाइपवर फळीचा तुकडा आणि फळीवर हातोडीचे हलके ठोके. आधी आवाज पोकळ येतो. सील तळाशी टेकले की तो एकाएकी भरीव होतो. मग खाच उघडी दिसते आणि कडे आपल्या जागी 'टक्' करून बसते. तेल मोजायला औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली. दोन्ही दांड्यांत एका थेंबाचाही फरक नको, कारण एक पाय जड आणि एक हलका असला की गाडी वळणावर मनासारखी ऐकत नाही. बोल्ट किती घट्ट करायचा हेही पुस्तकात आकड्यांत असते आणि ते मोजण्याचा पाना महाग. कन्येने प्रवासी बॅगा तोलायचा ताणकाटा काढला. पान्याला वीस सेंटिमीटरवर काटा अडकवून काटकोनात ओढायचा. दहा किलो भरले की झाले दोन किलोग्रॅम-मीटर. तरफेचा नियम शाळेत मीही शिकलो होतो, परीक्षेपुरता.

शेवटी चाक बसवले, खालचे बोल्ट पक्के आवळण्यापूर्वी हँडलवर भार देऊन गाडी पाचसहा वेळा दाबली, म्हणजे दोन्ही दांडे आपापल्या जागी सरळ येतात, आणि मगच आवळले. जुने काळे तेल मोरीत न ओतता बाटलीत भरून गॅरेजात दिले. पहिली फेरी सोसायटीच्या आवारात, मग गल्लीत, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर, अशा बेताने काकांनी परवानगी दिली.

खंडेनवमीला आमच्याकडे वह्या-पुस्तके, विळी आणि ती केविलवाणी पेटी पुजली जाते. त्या दिवशी घासून धुतलेल्या पाटावर आणखी काही मंडळी होती. टोक निमुळते झालेली काठी, पीव्हीसीचा तुकडा, सिरिंज, ताणकाटा, पंगतीची निगेटिव्ह. सुतार, लोहार, मेकॅनिक सगळे साधनाला 'हत्यार'च म्हणतात, तलवारीला जो शब्द तोच करवतीला. वर्षानुवर्षे मी तो शब्द उच्चारत होतो. त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू वाहिले. आठ नाणी कन्येने एका वाटीत ठेवली आणि तिच्यावर झेंडूचे फूल. पत्नीने आरती झाल्यावर एवढेच सांगितले, "आता काठी जागेवर ठेवा. दोन दिवसांचे कपडे पडलेत."

या गोष्टीला आता वर्ष झाले. मधे एक पावसाळा आणि त्याने पाडलेले खड्डे येऊन गेले. कन्या रोज गाडी नेते. ती निघण्यापूर्वी मी काही निमित्त काढून खाली जातो आणि दोन्ही दांड्यांवरून बोट फिरवतो. बोट कोरडे निघते. "बाबा, रोज काय बघता?" ती विचारते. मी म्हणतो, "धूळ."